पिंपरीत बनलेली इंडिका पार्किंगमध्ये सडतेय? भंगारवाल्याला फोन करण्याआधी एकदा आतलं कार्पेट उचलून बघा

निगडी, यमुनानगर, संभाजीनगर, मोशी. यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चक्कर मारा. कोपऱ्यात, धुळीच्या थराखाली, चारही टायर बसलेली एक छोटी गाडी हमखास दिसते. काचेवर कुणीतरी बोटानं नाव लिहिलेलं असतं, बॉनेटवर मांजर झोपलेलं असतं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वेळी एक प्रश्न निघतो, "ती गाडी कधी हलवणार?"

बऱ्याचदा ती टाटा इंडिका असते.

घरातल्या मोठ्यांना ती विकवत नाही, कारण घरातली ती पहिली चारचाकी. पोरांना तिच्यात बसायची लाज वाटते. भंगारवाला तर गाडीकडे न बघताच वजनाच्या भावानं बोलायला लागतो. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "अरे, घरीच करू की नीट. सीट बदलू, रंग मारू, झालं!"

होतं का खरंच? होतं. पण त्यात एक गंमत आहे. बहुतेक लोक सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात.

तिकडे वळण्याआधी ही गाडी नक्की काय आहे ते बघूया.

जुना कारखाना आणून बनवलेली नवी गाडी

इंडिका पहिल्यांदा लोकांसमोर आली ती जानेवारी १९९८ मध्ये, दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला ती बाजारात उतरली. तेव्हा कंपनीचं नाव टेल्को होतं, टाटा मोटर्स हे नाव २००३ सालचं. रतन टाटांनी मांडलेली कल्पना सरळ होती. आकार झेनएवढा, आतली जागा अ‍ॅम्बॅसेडरएवढी, किंमत मारुती ८०० च्या आसपास आणि चालवायचा खर्च डिझेलचा. बाहेरचं रूप ठरवायला इटलीतल्या ट्यूरिनच्या एका डिझाईन संस्थेची मदत घेतली, पण गाडी घडवली पुण्यात आणि बनली पिंपरीत. पहिल्या आठवड्याभरात १ लाख १५ हजार गाड्यांचं बुकिंग झालं होतं.

आता यातली खरी मजेची गोष्ट. नवा कारखाना उभारायला पैसा प्रचंड लागणार होता. मग टेल्कोनं ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला. तो सुटा केला, जहाजानं भारतात आणला आणि पिंपरीत पुन्हा जोडला. म्हणजे ज्या गाडीला आज लोक "जुनी झाली, टाका" म्हणतात, तिचा कारखानाच मुळात कुणीतरी टाकून दिलेला, इथल्या माणसांनी परत उभा केलेला!

सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी खूप आल्या. मग २००१ मध्ये व्ही २ आली आणि गाडीनं बाजार पकडला. पुढे ती टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली, हिंजवडीच्या कंपन्यांच्या रात्रपाळीच्या कॅब झाली आणि तिथेच तिची पत गेली. कॅबची गाडी कोण जपून ठेवणार? २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. आज पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर हौसेनं सजवणारे सापडतात. इंडिका सजवणारा विरळाच.

इंजिन टिकतं, गाडी आतून जाते

डिझेल इंडिकाचं मूळ इंजिन १४०५ सीसीचं. त्याचं नाव ४७५. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर, म्हणून ४७५. आता रस्त्यावर रोज दिसणारा टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती आठवा. २००५ मध्ये आलेल्या त्या गाडीचं ७०२ सीसीचं इंजिन म्हणजे याच इंजिनाचा निम्मा भाग. चारातले दोन सिलिंडर कमी केले की झालं. त्यामुळे भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये जा, हे इंजिन उघडायला कुणी घाबरत नाही. फिल्टर, बेल्ट, क्लचप्लेट, ब्रेकपॅड यांच्यावाचून गाडी अडत नाही.

अडते कशावाचून, तर दाराच्या आतल्या पॅडची क्लिप, काचेभोवतीचं रबर, सीटचं मूळ कापड, छताचा पुठ्ठा. या वस्तू कंपनी बनवत नाही आणि दुकानदार साठवत नाही, कारण विचारणारं कुणी नाही. म्हणून घरी काम काढणाऱ्यासाठी पहिला नियम असा, की आतून काढलेला एकही तुकडा फेकायचा नाही. फाटलेलं कव्हरसुद्धा नाही. ते फाटकं कव्हर म्हणजे नव्या कव्हरचा नमुना आहे, आणि तो दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

आधी कार्पेट उचला

घरी काम करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच रविवारी नवीन सीट कव्हर आणणं. गाडी आतून छान दिसते, दोन फोटो स्टेटसला जातात. मग जूनमध्ये पाऊस लागतो आणि जुलैत गाडीत कुबट वास सुटतो.

कारण पाणी सीटवरून आलेलंच नसतं. पुढच्या काचेखाली, वायपरच्या जाळीच्या आत एक पन्हळ असते. पावसाचं पाणी तिथून दोन्ही बाजूंनी खाली जातं. गाडी वर्षानुवर्षं झाडाखाली उभी असेल तर ही वाट पानांनी बुजते आणि पाणी आत वळतं. दारांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात. ती मातीनं बंद झाली की दार आतून तळ्यासारखं भरतं. आत शिरलेलं पाणी कार्पेटखालच्या जाड फेल्टमध्ये मुरतं. वरून कार्पेट कोरडं लागतं, खाली पत्रा महिनोन्‌महिने ओला राहतो.

तपासायची पद्धत अगदी सोपी आहे. एकानं बॅटरी घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपानं पाणी सोडायचं. एकदम सगळीकडे नाही. आधी पुढची काच, मग एकेक दार, मग डिकी. प्रत्येक ठिकाणी पाच-पाच मिनिटं. कुठून थेंब आला ते खडूनं खूण करून ठेवायचं.

मग सीट काढून कार्पेट उचलायचं. दिसणारा गंज सारखा नसतो. नुसता तांबूस थर असेल तर तारेच्या ब्रशनं घासून निघतो. फुगे आलेले असतील तिथे स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघायचं. आरपार गेला तर तो पत्रा संपला, तिथे नवा तुकडा वेल्ड करावाच लागेल.

आणि तीन जागा अशा आहेत, की तिथे पत्रा गेला असेल तर घरचा उत्साह बाजूला ठेवून शहाण्या माणसाला बोलवायचं. बॉनेटखाली पुढचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर जिथे वर बसतो ती जागा, दाराखालचा लांब पट्टा (जॅक लावला की तो दबतो का बघा) आणि सीटचे व सीटबेल्टचे बोल्ट ज्या पत्र्यात बसतात तो भाग. यातल्या दोन जागा सडलेल्या असतील तर गाडी खरोखर संपलेली आहे. तिच्यावर कापड चढवणं म्हणजे पडक्या भिंतीला डिस्टेंपर.

पैसे घालण्याआधी कागद

"१५ वर्षं झाली, आता गाडी जप्त होणार" हा मेसेज अनेक ग्रुपवर फिरतो. १० वर्षं डिझेल आणि १५ वर्षं पेट्रोल ही वयाची अट दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यासाठीची आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. मग आरटीओत गाडी तपासून घेऊन ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवता येते.

फुकट मात्र नाही. १५ वर्षांपुढच्या मोटारीची नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ च्या नियमानं २० वर्षांपुढच्या मोटारीला ती १०,००० झाली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा, पीयूसी आणि विमा वेगळा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लावावी लागते. पहिल्या व्ही २ गाड्या आता विशी ओलांडून गेल्यात, म्हणजे त्या १०,००० च्या गटात आल्या. हा हिशेब फोम-कापडाच्या आधी मांडायचा.

इंडिकाच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. स्वस्तात मिळालेली गाडी आधी टॅक्सी होती का, ते नोंदणी पुस्तकात बघा. असेल तर परमिट रद्द करून ती खासगीत वळवणं, कराचा फरक भरणं हे सगळं मागे लागतं. जुन्या कर्जाचा बोजा अजून चढलेला असणं हेही नेहमीचं. आणि रंग बदलायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तशी नोंद करून घ्यावी लागते. आहे तोच रंग नव्यानं मारला तर प्रश्न नाही.

कागद जुळत नसतील किंवा पत्रा गेलेला असेल, तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी द्या. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नवी खासगी गाडी घेताना करात सवलत मिळू शकते, केंद्राच्या नियमात ही मर्यादा २५ टक्क्यांपर्यंत आहे. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडून असलं प्रमाणपत्र मिळत नाही आणि नोंदणीही तुमच्याच नावावर राहते. उद्या त्या नंबरची गाडी कुठे सापडली तर पोलीस तुमच्या दारात.

दिवाळीनंतर पत्रा, उन्हाळ्यात कापड

पिंपरी-चिंचवडच्या हवेत या कामाचं वेळापत्रक आपोआप ठरतं. पावसात पत्र्याला हात लावू नये. घासलेल्या पत्र्यावर दमट हवेत काही तासांत पुन्हा तांबूस झाक येते आणि वर मारलेला प्रायमर वर्षभरात सुटतो. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली की सुरू करायचं.

वेल्डिंग घरी करायचा हट्ट नको. भोसरी, चिखली, तळवडेच्या बाजूला चांगले वेल्डर पावलापावलावर आहेत. घरच्यांचं काम गाडी त्यांच्यासाठी तयार करून देण्याचं. बॅटरी काढायची, सीट, कार्पेट, फेल्ट सगळं बाहेर, वेल्डिंगच्या जागेजवळची वायर बाजूला बांधायची, डिझेलची टाकी आणि पाइप कुठून जातात ते वेल्डरला दाखवायचं. खाली लागलेली ठिणगी फेल्टमध्ये अर्धा तास धुमसत राहते. म्हणूनही आतलं काम नंतर.

वेल्डिंगनंतर गंज खाणारं फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं द्रावण, मग एपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलर आणि खालून अंडरकोटिंग. फक्त लांबी भरून भोक बुजवणाऱ्या डेंटरपासून लांब राहा. लांबी पत्र्याची जागा घेत नाही, ती पाणी धरून ठेवते.

गाडी उघडी असतानाच वायरिंग बघून घ्यायचं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत उंदीर राहून गेलेले असतात आणि सीटचा फोम हे त्यांचं आवडतं बाळंतघर. लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका, धूळ नाकात जाते. मास्क लावा, जंतुनाशक शिंपडा, मग ओल्या फडक्यानं पुसून काढा.

आता छत. जुन्या गाडीत छताचं कापड डोक्यावर लोंबायला लागतं. कापड फाटलेलं नसतं. कापडामागे फोमचा पातळ थर असतो, तो उन्हानं भाजून पिठासारखा होतो आणि कापड सुटतं. टाचण्या मारून काही होत नाही. हँडल, दिवा, सनव्हायजर काढून छताचा पुठ्ठा हळूच मागच्या दारातून बाहेर काढायचा, घरातल्या दोन माणसांनी धरून. एकटा काढायला गेलात तर मधोमध दुमडला म्हणून समजा. जुना फोम मऊ ब्रशनं पूर्ण साफ करायचा, उष्णता सहन करणारा चिकटद्रव दोन्ही बाजूंना लावायचा, तो हाताला चिकटेनासा झाला की मधून सुरुवात करून कडेकडे कापड बसवत जायचं. साधा फेव्हिकॉल इथे टिकत नाही, एप्रिलमध्ये बंद गाडी आतून किती तापते ते सगळ्यांना माहीत आहे.

सीट: उसवणं जमलं तर शिवणं जमतं

आता आलं ते काम, ज्यासाठी सगळा खटाटोप.

बाजारात मिळणारं "सीट कव्हर" म्हणजे जुन्या कव्हरवर चढवलेला झगा. खाली फोम बसलेला असेल तर चार महिन्यांत तोही ढिला पडतो. खरं काम म्हणजे सीट सांगाड्यापर्यंत उघडणं.

सुरुवात मागच्या सीटच्या बैठकीपासून करा. ती जवळपास सपाट असते, त्यात सरकायची पट्टी नाही, मागे झुकायचा खटका नाही. चुकलं तरी कुणाच्या नजरेत येत नाही. तिथे हात बसला की मग पुढच्या सीट.

सीट उलटी करा. कव्हरच्या कडा खाली सांगाड्याला बारीक लोखंडी कड्यांनी अडकवलेल्या दिसतात. इंग्रजी सी अक्षरासारख्या या कड्यांना हॉग रिंग म्हणतात. त्या कापून काढायच्या. पुढे कव्हर वरून ओढलं तर मधेच अडतं, कारण बैठकीवर ज्या खाचा दिसतात तिथे कव्हरच्या आतल्या नेफ्यात तार असते आणि ती फोममधल्या दुसऱ्या तारेला कड्यांनी बांधलेली असते. या आतल्या तारा जपून ठेवायच्या. त्याच नव्या कव्हरला घाट देतात. त्यांच्याशिवाय शिवलेली सीट फुगलेल्या उशीसारखी दिसते, आणि रस्त्यावरच्या घाईच्या कामात नेमकं हेच झालेलं असतं.

कव्हर निघालं की उसवण्याआधी फोटो काढा. मग प्रत्येक तुकड्यावर मार्करनं नंबर, वरची बाजू कुठली त्याचा बाण, आणि दोन तुकडे जिथे जुळतात तिथे दोन्हीवर एक आडवी रेघ. हे झाल्यावरच उसवायचं. शक्यतो एका सीटचं कव्हर उसवा आणि दुसरं तसंच ठेवा. शिवताना अडलं की बघायला ते लागतंच.

उसवलेले तुकडे इस्त्रीच्या हलक्या वाफेनं सपाट करून जाड कागदावर उतरवायचे. जुना तुकडा बसून-बसून ताणलेला असतो, त्यामुळे डावा-उजवा एकमेकांवर ठेवून बघा. जो कमी वापरला गेला तो खरा. ड्रायव्हरच्या सीटचा दाराकडचा तुकडा कधीच खरा नसतो. चढता-उतरता वीस वर्षं तोच घासलेला असतो.

फोमचा सगळाच्या सगळा ठोकळा बदलायची गरज सहसा नसते. मूळ फोम साच्यात ओतलेला असतो, तसा घाट सुरीनं कापून येत नाही. दबलेला कोपरा कापून तिथे नवा तुकडा चिकटवायचा आणि वरून पातळ थर द्यायचा. दुकानदार गादीचा फोम गळ्यात मारतो, तो घेऊ नका. फोमची घनता विचारा. एका घनमीटरला ४० ते ५० किलोच्या दरम्यानचा असेल तर तो माणसाचं वजन पेलतो, २८-३० चा फोम लवकरच चपटा होतो. सांगाड्याच्या स्प्रिंगा आणि फोम यांच्यामध्ये जाड गोणपाट किंवा फेल्ट घालायला विसरू नका, नाहीतर तार फोम खात वर येते.

मग कापड की रेक्झिन? हा वाद प्रत्येक घरात होतो. रेक्झिन पुसलं की स्वच्छ. शिफ्टवरून ऑइलच्या कपड्यांनी थेट गाडीत बसणारा माणूस घरात असेल तर त्याला पर्याय नाही. पण मे महिन्यात दुपारी उघड्या पार्किंगमधली रेक्झिनची सीट मांड्या भाजते आणि ऑक्टोबर हीटमध्ये पाठ ओली करते. कापडात हवा खेळते, डाग राहतात. मधला मार्ग चांगला. बसायचा मधला भाग कापडाचा, कडा आणि मागची बाजू रेक्झिनची. मूळ गाडीतही घासला जाणारा भाग वेगळा असायचाच.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. सोफ्याचं उरलेलं कापड गाडीत वापरू नका. गाडीच्या आतल्या कापडाला आग किती वेगानं पसरते त्याची मर्यादा आयएस १५०६१ या भारतीय मानकात घालून दिलेली आहे. सोफ्याचं कापड त्यासाठी बनलेलं नसतं. गाडीचंच कापड मागा. ते ओळखायलाही सोपं असतं, मागे फोमचा पातळ थर आणि त्यावर जाळी लावलेली असते.

शिवण. घरातल्या शिलाई मशीनवर कापडाचे दोन थर निघतात. रेक्झिनचे चार थर जिथे एकत्र येतात तिथे ते मशीन हात टेकतं. बॅगा आणि सीट शिवणाऱ्यांकडची मशीन खालचा-वरचा थर एकदम पुढे सरकवते, म्हणून रेषा वाकडी होत नाही. तुकडे घरी बेतून, नंबर टाकून, टाचून अशा कारागिराकडे फक्त शिवायला नेले तरी चालतं. पैसे वाचतात आणि त्याचाही त्रास वाचतो, कारण त्याच्या दृष्टीनं खरं कटकटीचं काम शिवणं नसून उसवणं आणि बसवणं हेच असतं.

स्वतः शिवणार असाल तर दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा जाड. सुती दोरा घामानं आणि उन्हानं कुजतो. टाका ४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. मजबुतीसाठी बारीक टाके घालायची सवय रेक्झिनला मारक ठरते, कारण जवळजवळची भोकं पडून ते पोस्टाच्या तिकिटासारखं ओळीनं फाटतं. सगळीकडे सारखीच १२ मिलिमीटरची माया सोडा आणि शिवण दाबून वरून दुसरी टीप मारा.

बसवायचा दिवस कडक उन्हाचा निवडा. शिवलेलं कव्हर गच्चीवर तासभर उन्हात ठेवलं की रेक्झिन नरम होतं आणि फोमवर सहज चढतं. थंडीच्या सकाळी तेच काम केलं तर बोटं सोलतात आणि कोपरे तरीही बसत नाहीत. फोमवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी पसरून त्यावरून कव्हर सरकवायचं, जागेवर आलं की पिशवी ओढून काढायची. ही युक्ती प्रत्येक कुशनवाल्याला माहीत असते, सांगत कुणी नाही. आधी मधल्या खाचांतल्या तारा नव्या कड्यांनी बांधा, मग समोरची कड, मग मागची, बाजू शेवटी. कडा दाबायची वेगळी पक्कड मिळते, ती घ्या. साध्या पकडीनं शंभर कड्या दाबल्या की दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलत नाही.

बेल्टला हात लावताना

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. कडा पिंजलेल्या असतील किंवा उंदरानं कुरतडलेला असेल तर बेल्ट बदलायचा. शिवायचा नाही, रंगवायचा नाही, ब्लीचमध्ये धुवायचा नाही. मळला असेल तर साध्या साबणाच्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवा. मागच्या सीटवरचे बेल्ट नवीन कव्हरच्या खाली गाडून टाकायची खोड अनेकांना असते. पोरं मागेच बसतात, त्यामुळे ते वर काढून ठेवा.

सीटचे आणि बेल्टचे बोल्ट मूळचेच वापरायचे. हरवले म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला साधा बोल्ट त्या जागी नको, धडकेत सगळा जोर त्याच्यावर येतो. शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानं, गॅरेजमध्ये नेऊन केलं तरी चालेल.

हीच पद्धत दुसऱ्या छोट्या गाड्यांनाही लागू पडते, मारुती ८०० पासून २००९ ते २०२२ पर्यंत चाकणला बनलेल्या पोलोपर्यंत. फक्त नव्या गाड्यांत सीटखाली पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली तर थांबा. ती एअरबॅगच्या यंत्रणेची असते. बॅटरी काढल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर त्या सीटवर घरी शिवलेलं कव्हर चढवायचंच नाही. ती फुटताना शिवण ठरलेल्या जागी उसवली पाहिजे, घरच्या मजबूत दोऱ्यात ती उसवत नाही.

सगळं बसवून झालं की नवी कव्हरं पहिल्या आठवड्यात थोडी सैल वाटतात, फोम आपली जागा घेतो. पंधरा दिवसांनी खालच्या कड्या एकदा पुन्हा ताणून घ्या. उरलेलं कापड, कागदी नमुने आणि जुनी कव्हरं एका पोत्यात बांधून, वर गाडीचा नंबर टाकून माळ्यावर ठेवा. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड पुन्हा फाटणार आहे, आणि तेव्हा त्या रंगाचं कापड बाजारात असेलच असं नाही.